लाल रंगाखालचा तबलजी

एकटं बसवलं की बुवांची मान कधीच जागेवर राहत नसे. हजारभर माणसांना चार-चार तास बैठकीवरून उठू न देणारा हा गवई माझ्या कॅमेऱ्यासमोर खुर्चीत बसला की दवाखान्याच्या बाकावरच्या रोग्यासारखा दिसायचा. हनुवटी छातीला टेकलेली, हात कुठं ठेवायचे ते कळत नाही, डोळे सारखे दाराकडं. मी मुळात तापट माणूस. पहिल्याच वर्षी त्यांना तोंडावर सांगितलं, "बुवा, अशानं माझी फोटोची काच फुकट जाणार." तेही काही कमी नव्हते. म्हणाले, "मग आमच्या माणसांना वर बोलवा. उजव्या हाताला तबला आणि डाव्या हाताला पेटी असल्याशिवाय आपण कुठं बसलोय ते आम्हालाच समजत नाही."

तबलजी आणि पेटीवाला खाली टांग्याशी उभे होते. त्यांना वर बोलावलं, खुर्ची काढून गालिचा टाकला, आणि काय सांगू, दोन मिनिटांत बुवा बुवा झाले. मान उठली, खांदे उघडले. मी पटकन फोटो घेतला. तेव्हापासून बुवा बेळगावला गाण्याला आले की माझ्याकडं येत आणि त्यांच्याबरोबर ते दोघेही जिना चढत. आज लिहायला बसलोय ते त्यातल्या तबलजीबद्दल. त्याच्याबद्दल मला स्वतःला काहीही आठवत नव्हतं, हे आधीच कबूल करून टाकतो.

माझा स्टुडिओ खडेबाजारात, एका कापडदुकानाच्या माडीवर. छपराच्या उत्तरेच्या अंगाला कौलं काढून काचा बसवून घेतल्या होत्या, कारण फोटोला उजेड उत्तरेचाच लागतो, तो दिवसभर सारखा राहतो. आमचं घर शेतकऱ्याचं, गाव बेळगावपासून चालत दोन तासांवर. मी नांगर सोडून काळ्या कापडात डोकं घालतो हे आमच्या आप्पांना मरेपर्यंत पटलं नाही. कुणी विचारलं की ते सांगायचे, "थोरला व्हय? त्यो बेळगावात लोकास्नी गप बसवायचं काम करतोय."

कुणाकुणाला गप बसवलं म्हणून सांगू. बेळगाव पडलं वाटेवरचं गाव. पुण्या-मुंबईहून धारवाड-हुबळीला जाणारा गवई इथं उतरायचा, तिकडून वर जाणाराही इथंच उतरायचा, आणि नाटक कंपन्यांचा तर महिना-महिना मुक्काम. मी ज्यांचे फोटो काढले त्यांची नावं इथं घालणार नाही. नावं घातली की लोक नावंच वाचत बसतात. एक नामांकित पहिलवान आला होता. छाती फुगवून उभा राहिला तो श्वास सोडायलाच विसरला, आणि मी भिंगावर परत झाकण लावेपर्यंत जांभळा पडून मागच्या रंगवलेल्या पडद्यावर गेला. पडद्यावरचा महाल फाटला तो कायमचा. एक नट असा होता की त्याला माझी डावी खिडकी आवडायची नाही, त्या बाजूचा गाल म्हणे दुसऱ्याचा वाटतो. आणि एक गाणाऱ्या बाई होत्या, त्या इतक्या स्थिर बसल्या की मी घाबरून विचारलं, "बाई, बरं आहे ना?" त्या ओठ न हलवता म्हणाल्या, "रात्रभर हलतच असते. इथं तरी बसू दे की जरा."

या सगळ्यांचे फोटो मी जिन्यात ओळीनं लावले होते. निपाणीचे तंबाखूचे व्यापारी, टिळकवाडीतले वकील ते बघत बघत वर यायचे. एक निपाणीकर म्हणाला, "आमचा बी काढा, असाच, बुवांच्यासारखा." त्याला हातात तंबोरा हवा होता. मी नाही म्हणालो म्हणून तो वर्षभर माझ्याशी बोलला नाही. खोटं कशाला बोलू, मला त्या जिन्याचा फार गर्व होता. मोठ्या माणसांचे फोटो काढता काढता आपणही थोडे मोठे झालो असं वाटायला लागतं. गावाकडं गेलो की मी सांगत सुटायचो, अमका माझ्याकडं आला होता, तमका माझ्या हातचा चहा प्याला. बायको पाठीमागून म्हणायची, "चहा मी केलता."

तिच्याबद्दल सांगायलाच पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं घडलं. ती खानापूरकडची, चार बुकं शिकलेली. लग्नानंतर काचेवर पेन्सिल चालवायचं काम मी तिला शिकवलं. फोटो आधी काचेवर उतरतो, उलट्या उजेडाचा, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. त्या काचेवर बारीक पेन्सिलीनं सुरकुत्या, देवीचे व्रण, डोळ्यांखालचं काळं सगळं पुसता येतं. दोन वर्षांत तिचा हात माझ्यापेक्षा पुढं गेला. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही, पण तिला ते ठाऊक होतं.

बुवांच्या फोटोत एक जास्तीचं काम असायचं. काचेवर तिघे यायचे, पण लोकांना हवे असायचे एकटे बुवा. गाण्याच्या जाहिरातीला एकटे बुवा, थिएटराबाहेर विकायच्या कार्डावर एकटे बुवा. मग काचेवर साथीदारांच्या अंगावर डिंकात कालवलेला लाल रंग भरायचा. लाल रंगातून उजेड जात नाही, त्यामुळं खालच्या कागदावर तेवढी जागा कोरी पांढरी राहते. बुवांच्या दोन्ही बाजूंना पांढरं आणि मधे बुवा, ढगात बसल्यासारखे. लोकांना ते फार आवडायचं. या कामाला आम्ही 'झाकणं' म्हणायचो. मी बायकोला सांगायचो, "तबला झाकला का?" आणि ती आतून सांगायची, "झाकला."

रंग लावण्यावरून आमचं दर वर्षी वाजायचं. काचेच्या एका अंगाला मसाला असतो, चित्र त्यात असतं; दुसरं अंग नुसतं काच. रंग मसाल्याच्या अंगानं लावला तर कड स्वच्छ येते. मी तसंच करायला सांगायचो. ती लावायची नुसत्या काचेच्या अंगानं, आणि मग बुवांच्या शालीची कड किंचित धूसर यायची. मी डोकं आपटून घ्यायचो. ती म्हणायची, "मसाल्यावर रंग घातला की खालचं माणूस कायमचं गेलं. माझ्याच्यानं हुईत न्हाय." मी म्हणायचो, "गेलं तर गेलं. त्याला बघायला कोण येणार आहे?"

आणि त्याला बघायला येणारी आली. लढाईच्या दिवसांत आली. तेव्हा काचा मिळत नव्हत्या, कागद मिळत नव्हता, गवई फारसे फिरत नव्हते. गिऱ्हाईक म्हणजे कॅम्पातले शिपाई. बोटीवर चढायच्या आधी घरी पाठवायला एकेक फोटो काढून घ्यायचे. त्या दुपारी मी डोकं धरून बसलो होतो, कारण उन्हात छापायच्या कागदाचं एकच पाकीट शिल्लक होतं. जिन्यावर पावलं वाजली. चाळिशीची बाई, साधं इरकली लुगडं, कपाळ मोकळं, हातात कापडात बांधलेलं काहीतरी चौकोनी. चपला खाली रस्त्याशीच काढून आली होती.

"अण्णा, गवयांचे फोटो काढत्यात ते हितंच न्हवं?"

"इथंच. पण गवई घेऊन यायला लागतो," मी म्हणालो. असं बोलायची काही गरज नव्हती. जीभच तसली.

तिला राग आला नाही. उंबऱ्याच्या आत बसली आणि सांगायला लागली. लोंढ्याच्या पलीकडच्या खेड्यातली होती, सकाळच्या गाडीनं आली होती. तिचा नवरा बुवांचा तबलजी. घर गुरवाचं, देवळात वाजवणारा बाप आणि त्याच्याकडूनच उचललेला हात. वर्षातले दहा महिने तो बुवांच्या मागून फिरायचा आणि पावसाळ्यात घरी यायचा. आठ वर्षांमागं हुबळीकडं गाण्याला गेला असताना तापानं गेला. तिकडंच सगळं उरकलं. घरी आलं ते एक पत्र आणि मागून तबल्या-डग्ग्याचं बोचकं.

आठ वर्षं. त्या आठ वर्षांत बुवा माझ्याकडं तीन-चारदा येऊन गेले होते. शेजारी तबल्यावर दुसराच माणूस बसलाय हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

"त्यांचं एक चित्र पायजे हुतं," ती म्हणाली.

"बाई, त्यांचा फोटो नाही माझ्याकडं. मी बुवांचा काढत होतो."

"ते तर सांगायचे की. दर साली घरला आले की म्हणायचे, औंदा बी बेळगावला फोटो झाला. मी इचारायचे, आणला न्हाय व्हय? तर म्हणायचे, बुवांकडं असंल."

मग तिनं कापड सोडलं. आत माझंच कार्ड होतं, खाली माझ्याच स्टुडिओचा शिक्का. बुवा एकटे, ढगात बसलेले. ती बुवांच्या घरी जाऊन आली होती. बुवा आता अंथरुणाला खिळलेले. त्यांनी हात जोडले, डोळ्यांत पाणी आणलं आणि जवळ होतं ते कार्ड दिलं. तिनं कार्ड माझ्यासमोर धरलं आणि बुवांच्या उजव्या गुडघ्याशेजारच्या कोऱ्या पांढऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"बुवा म्हणाले, त्यो हितंच बसला हुता. फोटोवाल्याला इचार. दिसतील का ओ ह्यातनं?"

मी विचारलं, "इतक्या वर्षांनी आत्ताच का आठवण झाली?" तेही जरा तुसडेपणानंच विचारलं. अडचणीत आलो की मी चढा आवाज काढतो.

"आठवण न्हाय, अण्णा. तोंड," ती म्हणाली. "मला त्यांचं तोंड आठवंना झालंय. खोकायचे कसं ते आठवतंय. चालणं आठवतंय. पान लावताना बोटं कशी चालायची ते बी दिसतंय. पन तोंड म्हणून समोर आणाय गेलं की दुसऱ्याच कुनाचं तरी येतंय. लग्नाला चौदा वर्सं, त्यातलं घरात किती, तर पावसाळं तेवढं. पोरगी दोन वर्सांची हुती ते गेले तवा. आता मोठी झाली, इचारती, आई, मी कुनासारखी? मी सांगते, तुझ्या बासारखी. आनि मनात म्हणते, कसा हुता गं त्यो?"

हे सांगताना ती रडली नाही. लाजली. नवऱ्याचं तोंड विसरणं म्हणजे आपल्या हातून काहीतरी पाप झालं अशी ती खाली बघून बोलत होती. आणि मी तिच्यासमोर बसून त्या माणसाचं तोंड आठवायचा प्रयत्न करत होतो. सहा-सात वर्षांत तो माझ्या माडीवर कितीदा तरी बसला असेल. मला एवढंच आठवलं की त्याची सावली बुवांच्या शालीवर पडायची आणि मी त्याला म्हणायचो, "तुम्ही जरा सरका." बाकी काही नाही. टोपी होती की पागोटं, तेही सांगता आलं नसतं.

"नाही हो काही," मी म्हणालो. "ते झाकलेत. गेले ते."

तेवढ्यात बायको आतून बाहेर आली. हातातली पेन्सिल तशीच. "गेल्यात कुठं? हायत ते," ती म्हणाली. "सहा काचांत हायत. गोरं न्हवं, निबर रंग. उजवी भुवई मधनं तुटल्याली. कानाची पाळी मोठी."

बाईनं एकदम मान वर केली. "व्हय," ती म्हणाली. "भुवई. व्हय, आक्का. लहानपणी देवळाच्या पायरीवर पडलते."

मी बायकोला म्हणालो, "तुला कसं ठाऊक? तू तर त्यांना कधी पाहिलंही नाहीस. तू आत असायचीस."

"तुमी बुवांकडं बघायचा," ती म्हणाली. "मला ह्यास्नी झाकायचं असायचं. बघितल्याबिगर झाकता कसं येईल?"

मला वेगळंच आठवलं. मागच्याच महिन्यात मी जुन्या काचांच्या पेट्या फ्रेमवाल्याला देऊन टाकल्या होत्या. लढाईत काच मिळेना, तो रोज जिना चढून मागायचा. काचा सोड्याच्या गरम पाण्यात टाकायच्या, मसाला निघून जातो आणि साधी काच राहते. अर्ध्या खडेबाजारातले देव आता माझ्या जुन्या गिऱ्हाइकांच्या काचांमागं बसले होते. बुवांच्या काचांची पेटी मी ठेवली होती की दिली होती, काही केल्या आठवेना. दोघींसमोर बोलायची छाती झाली नाही. मी गुपचूप आत जाऊन फळीवरच्या पेट्या उतरवायला लागलो.

पेटी होती. पण बुवांच्या काचा दोन पेट्यांत होत्या आणि दुसरी गेली होती. सहांतल्या तीन राहिल्या होत्या. मी बाहेर येऊन सांगितलं. लपवण्यात काही अर्थ नव्हता. दुसरी कुणी असती तर आरडाओरडा झाला असता, बायको फक्त म्हणाली, "घंगाळ्यात पाणी काढा. गार नगं, कोमट."

मागच्या बोळात ऊन चांगलं होतं. तिथं आम्ही तिघं बसलो. पहिली काच हातात घेतली आणि बायको म्हणाली, "ही तुमी केल्याली. मी बाळंतपणाला गेलते तवा." खरं होतं. मी मसाल्याच्याच अंगानं रंग चोपडला होता आणि कड नीट यावी म्हणून वर चाकूनं खरवडलंही होतं. पाण्यात धरली तसा लाल रंग सुटला आणि त्याच्याबरोबर मसालाही पापुद्र्यासारखा निघाला. बुवांच्या शेजारी माणसाच्या आकाराचं भोक राहिलं. बाई वाकून बघत होती. तिला काचेतलं काही कळत नव्हतं, पण माझं तोंड बघून कळलं असावं. ती म्हणाली, "असूं दे, अण्णा. अजून दोन हायत न्हवं?"

दुसऱ्या काचेचा रंग सुरेख निघाला, बायकोच्या हातचा होता. मी काच उजेडाकडं धरली. तबला दिसला, डग्गा दिसला, अंगरखा दिसला, आणि त्याच्यावर तोंडाच्या जागी नुसता धूर. दोन कान एका बाजूला, तिसरा कान भलतीकडं. माणूस हलला होता. मला आधी त्याचाच राग आला. फोटोला बसतोस आणि हलतोस? आणि मग लक्षात आलं की फोटो घेताना मी म्हणायचो, "बुवा, आता हलू नका." बुवा. त्याला हलू नको म्हणून कधी सांगितलंच नव्हतं, कारण तो हलला काय आणि न हलला काय, मला कुठं फरक पडत होता. तो बिचारा आपला ताल धरून बसला असेल. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. समोरची बाई त्या धुराकडं डोळे ताणून बघत होती, त्यातून एखादी भुवई मिळते का म्हणून.

तिसरी काच राहिली होती. बायकोनंच घेतली. आडवी पाण्यात ठेवली आणि बोटाच्या पेरानं अगदी हलकं हलकं रंग फिरवत राहिली. मी म्हणालो, "चोळ की जरा." ती म्हणाली, "तुमी गप बसा." पाणी लाल झालं. ते ओतून दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. मग तिनं काच उभी धरली, निथळू दिली, आणि माझ्या हातात दिली. मी बघितलं आणि आत जाऊन ते शेवटचं पाकीट फोडलं.

उन्हात छापायच्या कागदाचं असं असतं की चौकटीत काच आणि कागद एकावर एक बसवून उन्हात ठेवायचं. काळं असतं ते आधी येतं, पांढरं शेवटपर्यंत पांढरंच राहतं. आम्ही चौकटीभोवती उकिडवे बसलो. मी मधूनमधून मागची अर्धी फळी उचलून सावलीत कागद बघत होतो. आधी तबल्या-डग्ग्यावरची शाई आली, दोन काळी वर्तुळं. मग टोपी. टोपी होती तर. मग मिशी, डोळ्यांतली बुबुळं, तुटलेली भुवई. बाई माझ्या खांद्यावरून बघत होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. मग गाल भरले, हनुवटी भरली, आणि तोंडाच्या मधोमध एक पांढरी पट्टी तशीच कोरी राहिली. मला वाटलं काचेवर रंग उरला. मी निरखून बघितलं. रंग नव्हता, ते त्याचे दात होते. माणूस तोंड भरून हसत होता.

मग मला त्या सालचा फोटो आठवला. बुवा काही केल्या खुलेनात म्हणून मी वैतागून म्हटलं होतं, "गा बघू दोन ओळी." ते गायले, समेवर आले, थांबले, आणि मी त्याच क्षणी झाकण उघडलं होतं. तबलजी बुवांकडं बघत होता. सम गाठल्यावर हात तबल्यावर तसाच ठेवून, मान मागं टाकून हसत होता, आणि कुणी न सांगता तेवढा वेळ स्थिर राहिला होता. बुवांच्या एकाही फोटोत मला असं तोंड सापडलं नव्हतं, आणि मी ते रंग लावून बुजवलं होतं.

चौकट सोडवून मी कागद बाईच्या हातात दिला. म्हणालो, "उन्हात धरू नका. अजून औषधात घालायचाय, नाहीतर काळा पडेल."

ती सावलीला सरकून बघत राहिली. मग म्हणाली, "हे कोन?"

मला वाटलं चुकलंच, हा नंतर आलेला तबलजी असणार, बायकोच्या ध्यानात गडबड झाली असणार. बायको पुढं झाली, "तेच की गं. भुवई बघ."

बाईनं भुवईवर बोट ठेवलं. मग कानाच्या पाळीवर. "तेच हायत," ती म्हणाली. "भुवई तीच, कान त्योच. पन आक्का, मी ह्यास्नी हसताना बघितलंच न्हाय कधी." आणि मग, "घरला आले की दमल्यालं असायचे. गप बसायचे खांबाला टेकून. मी म्हणायचे, सोभाव हाय."

बायकोनं तिच्या पाठीवर हात ठेवला. बायकोचे डोळे भरून आले होते, आणि माझेही. काहीतरी करायला पाहिजे असं वाटून मी माझ्या धंद्याचंच बोललो. म्हणालो, "बाई, तुम्हाला ओळखीचं वाटत नसेल तर हिच्याकडून काचेवर तोंड मिटवून देतो. बारीक पेन्सिलीनं होतं. गप बसलेले दिसतील, तुमच्या आठवणीतल्यासारखे."

"नगं, नगं," तिनं कागद छातीशी धरला. मग पुन्हा पुढं धरून बघितला. आता मात्र तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचं तिला भान नव्हतं.

"पोरगी अशीच हसती, अण्णा," ती म्हणाली. "सगळं दात दावून, मान मागं टाकून. आनि मी तिला रोज रागावते, कुनाचं उचललंस गं हे म्हणून."